नऊ मीटर कोणासाठी?

ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्र सरकारचा राहणीमान सुलभता निर्देशांक जाहीर झाला आणि देशातल्या १११ शहरांत पुणे पहिले आले. नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी. आपले शहर राहायला सर्वांत चांगले आहे हे पुणेकरांना सरकारने सांगावे लागत नाही, तरीही आनंद झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये याच शहराच्या महापालिकेने सशुल्क पार्किंगचे धोरण, विरोध वाढताच, अवघ्या पाच रस्त्यांपुरते आक्रसून मंजूर केले होते. त्या पाच रस्त्यांवरही ते कधी उतरले नाही. आणि त्याच सुमारास बातमी आली होती की पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांनी ३६ लाखांचा आकडा ओलांडला असून शहरात आता माणसांपेक्षा वाहने जास्त आहेत.

या तिन्ही गोष्टी एकाच वर्षात खऱ्या असू शकतात, कारण निर्देशांकाने मोजले ते शहर. त्यात पाणी होते, वीज होती, रुग्णालये होती, कचऱ्याची विल्हेवाट होती. माणूस घराचे फाटक उघडून बाहेर पडतो त्या पाच-सहाशे फुटांच्या गल्लीत त्याचे काय होते, हा प्रश्न त्यात बसत नव्हता. मग हा प्रश्न शहरात कोण विचारते? विचारला जातो, पण एकाच भाषेत: रस्ता किती मीटरचा?

२०२० मध्ये पुणे महापालिकेच्या स्थायी समितीपुढे सहा मीटर रुंदीचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा विषय आला. त्या यादीचे पुढे काय झाले यापेक्षा तिच्यामागचा युक्तिवाद महत्त्वाचा आहे, कारण तो आजही प्रत्येक सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत तितक्याच जोरात केला जातो. सहा मीटरची गल्ली आता राहण्यालायक उरलेली नाही, अग्निशमन दलाचा बंब आत येत नाही, गाड्या लावायला जागा नाही, जुन्या इमारतींचा पुनर्विकास अडलाय. रस्ता नऊ मीटर करा की सगळे सुटते, असा तो युक्तिवाद. ऐकायला सरळ वाटतो. आतून मात्र तो बराच वाकडा आहे.

नऊ हा आकडा आला कुठून, ते आधी पाहू. तो चालणाऱ्याच्या पावलांवरून आलेला नाही, बंबाच्या रुंदीवरूनही नाही. २०१६ मध्ये राज्य सरकारने टीडीआरचे नवे नियम आणले. टीडीआर म्हणजे आरक्षणात जागा गेलेल्याला मिळालेला बांधकामाचा हक्क. तो विकत घेऊन दुसऱ्या प्लॉटवर चढवता येतो. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या प्लॉटला हा टीडीआर वापरता येणार नाही, असे त्या नियमांत होते. साहजिकच सहा मीटरच्या गल्लीतला पुनर्विकास बिल्डरला परवडेना. अरुंद गल्लीवर जादा मजल्यांचा भार टाकू नये, हा खरे तर शहाणपणाचा नियम होता. त्यातून निघालेला निष्कर्ष मात्र उलटा: गल्ली भार सोसत नसेल तर भार कमी करायचा नाही, गल्लीच ताणायची. म्हणजे नऊ मीटरची मागणी गल्लीने केलेली नाही, प्लॉटने केलेली आहे. प्लॉटच्या गरजेला ‘राहण्यालायक रस्ता’ हे नाव देणे ही पहिली फसगत.

आता बंबाचे बघू, कारण हा मुद्दा काढला की समोरचा गप्पच बसतो. आग लागल्यावर बंब पोहोचलाच पाहिजे, यावर वाद नाही. पण हिशोब करा. बंबाची रुंदी अडीच मीटरच्या आसपास. सहा मीटरच्या गल्लीत दोन्ही बाजूंना एकेक मोटार उभी केली, तर प्रत्येकी पावणेदोन मीटर धरून साडेतीन मीटर गेले आणि मधे उरले अडीच. बंब अडला तो इथे. एका बाजूचे पार्किंग बंद केले तर चार मीटरच्या वर मोकळा रस्ता मिळतो. त्यासाठी भिंत पाडावी लागत नाही, झाड तोडावे लागत नाही. लागतो तो रंगाचा डबा, एक फलक आणि दंडाची पावती फाडण्याची तयारी. ही तयारी पाच रस्त्यांवरही झाली नाही, हे आधीच सांगितले.

उलट रुंदीकरण होते कसे? एका रात्रीत नाही. ज्या इमारतीचा पुनर्विकास होईल तिने समोरची दीड मीटरची पट्टी सोडायची, असे ते टप्प्याटप्प्याने होते. चार इमारतींनी पट्टी सोडली, पाचवीत भाऊबंदकी चालू आहे, सहावीचा मालक परदेशात, सातवी कालच बांधलेली. मग गल्लीची कड पडक्या दातांसारखी दिसू लागते, आणि जिथे जिथे फुगवटा तयार झाला तिथे तिथे दुसऱ्या दिवसापासून मोटार उभी राहते. बंबाला गल्लीतल्या सर्वांत अरुंद जागेतून जायचे असते. शेवटचा प्लॉट पट्टी सोडेपर्यंत ती गल्ली त्याच्यासाठी सहा मीटरचीच राहते, फक्त आतल्या इमारतींचे मजले तोवर दुप्पट-तिप्पट झालेले असतात. ज्यांना आगीची खरी काळजी आहे त्यांनी ही मधली पंधरा-वीस वर्षे कुणाच्या भरवशावर काढायची, याचे उत्तर द्यावे.

पुनर्विकासाच्या बाजूने मात्र एक गोष्ट खरी आहे आणि ती नाकारणे दुष्टपणाचे होईल. एरंडवण्यात, सदाशिव पेठेत, मुंबईत गिरगाव-दादरला अशा कित्येक तीन-चार मजली इमारती आहेत जिथे लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, गुडघे गेलेल्या आजींसाठी खालची गल्ली सहा मीटरची काय आणि साठ मीटरची काय, सारखीच. त्यांचा रस्ता जिन्यावरच संपतो. त्यांना लिफ्ट हवी आहे आणि लिफ्ट पुनर्विकासातूनच येणार असेल तर पुनर्विकास हवा आहे. इथवर मान्य. पण पुढे काय होते? लिफ्ट येते, आजी खाली उतरतात आणि फाटकाबाहेर पाहतात तर पूर्वी बारा बिऱ्हाडांची जी इमारत होती तिथे आता तीस-चाळीस फ्लॅट, प्रत्येकाला एक-दोन मोटारी, आणि रस्त्याला मिळालेली दीड मीटरची पट्टी पाहुण्यांच्या गाड्यांनी भरलेली. जिन्याने अडवलेल्या आजी आता फाटकापाशी अडतात. सोसायटीच्या हिशोबात त्यांची सोय झालेली असते.

इथेच मूळ घोळ आहे. ‘रहिवाशांसाठी रस्ता’ म्हणताना डोळ्यापुढे येतो तो एकच रहिवासी: चाळीस-पन्नाशीचा, धडधाकट, मोटार असलेला आणि सभेत हात वर करणारा. त्याचा गल्लीशी संबंध रोज दोन वेळा दोन-दोन मिनिटांचा. सकाळी गाडी बाहेर काढायची, संध्याकाळी आत घालायची. गल्लीत ज्यांचा दिवस जातो ते लोक वेगळे. सकाळी दत्तवाडीतून म्हात्रे पुलावरून चालत एरंडवण्यात येणाऱ्या, पाच घरच्या पोळ्या करणाऱ्या मावशी एका फाटकातून दुसऱ्या फाटकात दिवसभर फिरतात. वॉचमन बारा-बारा तास फाटकाशी खुर्ची टाकून बसतो. झाडाखालचा इस्त्रीवाला, शाळेच्या रिक्षाची वाट पाहणारी पोरे, दुपारी फेरी मारणारे निवृत्त मास्तर. गल्लीचा वापर मिनिटांत मोजला तर मालकी या लोकांची निघेल. सभेच्या इतिवृत्तात त्यांचे नाव नसते.

डोनाल्ड अॅपलयार्ड या अभ्यासकाने १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत हेच मोजायला घेतले होते. त्याने एकाच भागातल्या, साधारण सारख्या घरांच्या तीन गल्ल्या निवडल्या. एकीतून दिवसाला दोन हजार वाहने जात, दुसरीतून आठ हजार, तिसरीतून सोळा हजार. मग घरोघरी जाऊन विचारले: या गल्लीत तुमचे मित्र किती, ओळखीचे किती, आणि ‘माझे घर’ म्हणताना तुमची हद्द कुठवर जाते? कमी रहदारीच्या गल्लीत माणसामागे सरासरी तीन मित्र निघाले आणि सहाहून अधिक ओळखीचे. सोळा हजार वाहनांच्या गल्लीत एकही धड मित्र नाही, सरासरी ०.९, आणि ओळखीचे तीन. पहिल्या गल्लीतले लोक अख्खा रस्ता आपला मानत, शेवटच्या गल्लीतल्यांची हद्द घराच्या दारापर्यंत मागे सरकली होती. १९८१ मध्ये या कामावर त्याचे पुस्तक आले. दुसऱ्याच वर्षी अथेन्समध्ये भरधाव मोटारीच्या धडकेत तो गेला.

अभ्यास अमेरिकेतला आहे, आपल्याकडे शेजार-पाजार अजून टिकून आहे, असे कुणी म्हणेल. टिकून आहे खरा, पण तो हल्ली गच्चीवर, मंदिराच्या आवारात आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर टिकून आहे. गल्लीत तो उरलाय का, हे पाहायचे असेल तर संध्याकाळी साडेपाचला आठ-नऊ वर्षांची मुले कुठे खेळतात ते पाहा. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर. खाली मोटारी, वर मुले. ज्या इमारतीला पोडियम नाही तिथली मुले घरात.

तिसरा बचाव फुटपाथचा. ‘फुटपाथ कुणी वापरतच नाही, मग रुंद कशाला करायचे? तीच जागा पार्किंगला द्या.’ हा बचाव करणाऱ्याने एकदा शंभर पावले फुटपाथवरून चालून दाखवावे. सुरुवातीला फुटपाथ रस्त्यापासून फूटभर उंच. चढायला गुडघ्यावर हात. दहा पावलांवर पहिल्या सोसायटीचे फाटक, गाडी आत जावी म्हणून फुटपाथ तिथे कापलेला, म्हणजे उतरा. पुन्हा चढा. पुढे महावितरणचा फीडर पिलर मधोमध, त्याचे दार उघडे. त्याला वळसा घालताना चेंबरचे झाकण, पेव्हर ब्लॉकपेक्षा दोन बोटे वर. मग गुलमोहराचा पार, पाराला टेकून तीन दुचाकी. पावसाळ्यात यातल्या एखाद्या सुट्या ब्लॉकवर पाय पडला की खालून गढूळ पाण्याची पिचकारी थेट साडीवर. पुढच्या फाटकाशी दुचाक्या चढू नयेत म्हणून स्टीलचे खांब रोवलेले, आणि ते इतके जवळजवळ की दुचाकी मधून निघते, चाकाची खुर्ची अडते.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक संहितेत निवासी भागातला फुटपाथ किमान १.८ मीटर मोकळा असावा आणि त्याची उंची १५० मिलिमीटरच्या वर नसावी, असे स्पष्ट लिहिले आहे. १५० मिलिमीटर म्हणजे अर्धा फूट. पुणे महापालिकेने स्वतःचे पादचारी धोरण २०१६ मध्येच केले आहे, रस्त्यांच्या आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वेही त्याच वर्षीची. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ, बाके आणि मुलांची खेळणी आली ती या विचारातूनच, आणि तिथे लोक चालतात, बसतात, रेंगाळतात हे कुणीही जाऊन पाहावे. ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद करून पादचारी दिन साजरा होतो, तेव्हा तर गर्दीतून वाट काढावी लागते. लोकांना चालायचे नसते, हा निष्कर्ष चालण्यालायक जागा कुठेच न देता काढलेला आहे. मोठ्या रस्त्यांवर निदान प्रयोग झाले. आतल्या गल्ल्यांना मात्र रुंदीकरणाचीच गोळी.

ही गोळी आणखी एक आजार आणते. अरुंद गल्लीत गाडी आपोआप हळू जाते. समोरून कोणी येईल, फाटकातून पोर धावेल, या धास्तीने पाय ब्रेकवर असतो. तीच गल्ली नऊ मीटरची सरळ, गुळगुळीत काँक्रीटची झाली की मुख्य रस्त्यावरची कोंडी चुकवणाऱ्यांना ती सापडते आणि नकाशाचे अॅप त्यांना तिकडेच वळवते. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेने पालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीला ताशी ७० आणि दुचाकीला ६० किलोमीटरपर्यंत मुभा दिलेली आहे. राज्याला ती कमी करता येते, पण आतल्या गल्लीच्या तोंडाशी २० किंवा ३० चा फलक किती ठिकाणी दिसतो? पायी चालणारे आणि वाहने जिथे नेहमी एकत्र येतात तिथे ३० ची मर्यादा असावी, असे जगभरच्या सरकारांनी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात मान्य केले, आणि स्पेनने २०२१ पासून शहरांतल्या बहुसंख्य रस्त्यांवर ती लागूही केली. आपल्याकडे क्रम असा: आधी रस्ता रुंद करा, मग गाड्या पळतात म्हणून स्पीडब्रेकर मागा, मग स्पीडब्रेकरने कंबर मोडते म्हणून तक्रार करा. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यातली ३२ हजारांवर पायी चालणारी होती.

‘आम्ही रोड टॅक्स भरतो’ हे वाक्य इथे येणारच. मोटार वाहन कर राज्य सरकारच्या तिजोरीत जातो. गल्लीचा दिवा, गटार, डांबर यांचा खर्च पालिका करते आणि त्यासाठी तिच्या हातातला मोठा कर म्हणजे मिळकतकर, जो मोटार नसलेलाही भरतो. उभ्या मोटारीला पाच बाय अडीच, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. जवळपास एकशे पस्तीस चौरस फूट. एरंडवण्यात तेवढ्या जागेचे भाडे काय पडेल ते एजंटला विचारावे. मोटारवाला ती फुकट वापरतो आणि भाजीच्या हातगाडीला अतिक्रमण म्हणतो.

हातगाडीचा विषय निघालाच आहे तर तोही सरळ बोलू. फेरीवाला हटवला की रस्ता सुधारला, हे समीकरण मोटारीच्या काचेतून सुचते. खाली उतरता येते पण मंडईपर्यंत जाता येत नाही, अशा म्हाताऱ्या माणसाला सकाळी नऊला फाटकाशी येणारी भाजीची गाडी म्हणजे दुकान, फेरफटका आणि चार शब्दांची सोबत. संसदेने २०१४ मध्ये पथविक्रेत्यांचा कायदा केला तो त्यांच्या हक्कांचे रक्षण आणि विक्रीचे नियमन करण्यासाठी. विक्रेत्याने फुटपाथ अडवू नये हे बरोबर, पण त्याला जागा आखून देणे हे पालिकेचे काम, ते न करता त्याच्या नावाने बोटे मोडण्यात अर्थ नाही.

शिवाय फेरीवाल्याचा आणखी एक उपयोग आहे, जो पुरुषांच्या सहसा लक्षात येत नाही. रात्री साडेनऊला क्लासवरून परतणाऱ्या मुलीला कुठली गल्ली बरी वाटते? शांत, रिकामी, दोन्ही बाजूंनी उंच कंपाउंडच्या भिंती आणि मोटारींची रांग असलेली? की जिच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याचा दिवा जळतोय आणि वडापावच्या गाडीवर चार माणसे उभी आहेत, ती? जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये न्यूयॉर्कबद्दल लिहिताना रस्त्यावरच्या डोळ्यांचे महत्त्व सांगितले. मुंबईबद्दल शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर?’ या २०११ च्या पुस्तकात त्याच्याही पुढे जाऊन दाखवले की आपल्या शहरात बाईला रस्त्यावर असण्यासाठी सतत काहीतरी कारण दाखवावे लागते. नुसते उभे राहण्याची तिला मुभा नाही. पुरुषाला ती आहे, कट्ट्यासकट. आता गल्लीतल्या दिव्यांकडे बघा. उंच खांबावरचा दिवा झाडाच्या वर, त्याचा उजेड गाड्यांच्या पट्ट्यावर पडतो, आणि झाडाखालचा फुटपाथ मिट्ट काळोखात. हे काम रुंदीकरणाशिवाय, एका शिडीने होण्यासारखे आहे.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की चालण्यायोग्य, अडथळ्यांविना फुटपाथ मिळणे हा संविधानाच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि अपंग व्यक्तींना ते वापरता आलेच पाहिजेत. पार्किंगच्या हक्काबद्दल न्यायालयाने असे काही म्हटलेले नाही.

तेव्हा गल्ली राहण्यालायक आहे का, हे ठरवायचेच असेल तर ते टेपने एकदा मोजून ठरत नाही. सकाळी आठला शाळेच्या मुलाबरोबर चालावे, अकराला मावशींबरोबर, पाचला काठी घेतलेल्या माणसाबरोबर, रात्री दहाला एकट्या बाईबरोबर. यातले कोण कुणाचा हात न धरता गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेले आणि कोण कुठे अडले, ते जागेसकट लिहून ठेवावे. चौघांची उत्तरे जुळणार नाहीत. मुलाला झाडाची सावली आणि रेंगाळायला जागा लागेल, काठीवाल्याला सपाट कड, रात्रीच्या बाईला उजेड आणि माणसांची जाग. या गरजा एकमेकींच्या आड येतात तेव्हा ज्याला दुसरा पर्याय नाही त्याची गरज आधी. मोटारवाल्याला पर्याय असतो. तो गाडी सोसायटीच्या आत लावू शकतो, भाडे भरून बाहेर लावू शकतो, एक गाडी कमी घेऊ शकतो. काठीवाल्याला दुसरे गुडघे मिळत नाहीत.

रुंदीकरणाची नोटीस महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली निघते आणि तिच्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात. आजवर बहुतेक हरकती मालकांच्या येतात, आणि त्या ‘माझी किती जागा जाणार’ याविषयी असतात. पुढची नोटीस तुमच्या गल्लीत आली तर हरकतीत दोन गोष्टी मागाव्यात. पट्टी घ्यायचीच असेल तर ती आधी फुटपाथ आणि झाडांना द्या, पार्किंगला त्यातला एक इंचही नको, हे नकाशावर आखून मागावे. आणि शेवटचा प्लॉट येईपर्यंत एका बाजूचे पार्किंग उद्यापासून बंद करा, हे लेखी मागावे. खाली सह्या घ्यायच्या त्या फ्लॅटमालकांच्याच नव्हेत. भाडेकरूंच्या, वॉचमनच्या आणि पोळ्यांच्या मावशींच्याही घ्याव्यात.